मराठा पलटण ते छत्रीधारी कमांडो : एका पलटणीची वाटचाल

'कमांडो' हा शब्द आपल्या मुलांच्या तोंडी आता चांगलाच रुळला आहे. सिनेमात काळे कपडे घालून दोरावरून उतरणारा, एकटाच शंभरांना लोळवणारा तो कमांडो, अशी त्यांची समजूत. हा शब्द आला मात्र दक्षिण आफ्रिकेतून. तेथील बोअर शेतकरी घोड्यावर बसून, आपापली बंदूक घेऊन जमत आणि इंग्रजांच्या मोठ्या फौजेवर अचानक तुटून पडत. अशा टोळीला ते 'कमांडो' म्हणत. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात या टोळ्यांनी इंग्रजांना हैराण केले. इंग्रज जात व्यवहारी. ज्यांच्याकडून मार खाल्ला त्यांचेच नाव त्यांनी १९४० साली आपल्या खास तुकड्यांना दिले. फ्रान्स हातचा गेला होता, मोठी फौज समुद्रापलीकडे उतरविणे शक्य नव्हते, तेव्हा थोडक्या निवडक माणसांनी रात्री जावे, शत्रूचे मर्म तोडावे आणि परतावे, अशी ही युक्ती होती.

आपल्या दख्खनला ही युक्ती नवी नाही. करमाळ्याहून परंडा फार दूर नाही. अहमदनगर पडल्यावर निजामशाहीचा कारभार काही काळ या परंड्यातून चालला आणि तो चालविणारा हबशी सरदार मलिक अंबर याने मोगलांच्या अवजड फौजेशी समोरासमोर न भिडता तिची रसद तोडणे, वाटेत गाठणे, रात्री छापा घालणे, या मार्गाने झुंज दिली. पुढे शिवाजी महाराजांनी या गनिमी काव्याला जे रूप दिले ते जगाला माहीत आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात निवडक माणसांनिशी शाहिस्तेखानावर घातलेला छापा आजही सेनाधिकारी अभ्यासतात. परंतु एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. आजच्या कमांडो पलटणींचा वंशवृक्ष थेट मावळ्यांपर्यंत नेऊन भिडविण्याची जी हौस काही लेखकांना असते, ती इतिहासाला धरून नाही. आजची भारतीय सेना इंग्रजी अमदानीतील सेनेतून आली आणि तिच्या पलटणींचा इतिहास तेथूनच शोधावा लागतो. तो शोधला की महाराष्ट्राचा, आणि आपल्या समाजाचाही, वाटा त्यात स्पष्ट दिसतो. त्यासाठी कल्पनेची गरज पडत नाही.

ज्या पलटणीची हकीकत येथे सांगावयाची आहे ती आज '२ पॅरा (स्पेशल फोर्सेस)' या नावाने ओळखली जाते. तिचा जन्म इ. स. १७९७ चा. त्याआधी दोनच वर्षे, १७९५ साली, आपल्या शेजारच्या खर्ड्याच्या मैदानावर मराठे आणि निजाम यांची लढाई झाली होती. करमाळ्याचा भुईकोट ज्यांचा त्या रावरंभा निंबाळकरांचे घराणे मराठा असूनही निजामाच्या चाकरीत होते, तर मराठ्यांच्या तोफखान्यात आणि पागेत मुसलमान होते. त्या काळी धर्मावरून छावण्या पडत नसत, इमान आणि जहागीर यांवरून पडत. अशा या दख्खनमधून मुंबई इलाख्याच्या सैन्यात माणसे भरती होऊ लागली. 'बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री'ची पाचवी रेजिमेंट, तिची दुसरी बटालियन, हे या पलटणीचे पहिले नाव. १८२४ मध्ये ती दहावी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री झाली, १९०३ मध्ये ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि १९२२ मध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. नावे बदलत गेली, पलटण तीच.

या जुन्या मराठा पलटणींत फक्त मराठेच होते, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. कोकणी मराठे, दख्खनी मराठे आणि 'दख्खनी मुसलमान' असे वर्ग या पलटणींत भरती केले जात. इंग्रज सरकार निरनिराळ्या जातिजमातींविषयी आपल्या अधिकाऱ्यांसाठी माहितीपुस्तके काढीत असे. त्यांपैकी मेजर बेथम यांनी लिहिलेले १९०८ चे पुस्तक 'मराठे आणि दख्खनी मुसलमान' या जोडनावाचेच आहे. एकाच पुस्तकात दोघे, कारण एकाच बराकीत दोघे. लढवय्या जाती आणि बिनलढवय्या जाती अशी जी वर्गवारी इंग्रजांनी केली होती ती मुळात खोटी आणि अन्यायाची होती, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीपण त्या निमित्ताने झालेली ही नोंद आपल्या उपयोगाची आहे. मराठी बोलणारा, भाकरी खाणारा, शेती करणारा दख्खनचा मुसलमान हा या पलटणींचा भाग होता, ही गोष्ट आमच्या मुलांना शाळेच्या पुस्तकात वाचावयास मिळत नाही.

पहिल्या महायुद्धात ११० वी मराठा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. पुण्याहून निघालेल्या सहाव्या डिव्हिजनमध्ये ती होती. जनरल टाउनशेंड बगदादच्या रोखाने फार पुढे गेला, मागे रेटला गेला आणि डिसेंबर १९१५ मध्ये कूत-अल-अमारा या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडला. वेढा २९ एप्रिल १९१६ पर्यंत चालला. धान्य संपत आले, घोडे कापून खाण्याची पाळी आली. हिंदू आणि मुसलमान, दोन्ही शिपायांनी घोड्याचे मांस खाण्यास प्रथम नकार दिला. तेव्हा हिंदुस्थानातील धर्मगुरूंकडून तारायंत्राने परवानगी मागविण्यात आली. तरीही कित्येकांनी ते खाल्ले नाही आणि ते उपासमारीने खंगले. मुसलमान शिपायापुढे याहून मोठा पेच होता. समोरचे सैन्य तुर्कांचे, म्हणजे खलिफाचे. तुर्क रात्री खंदकांसमोर आपल्या भाषांतील पत्रके टाकीत आणि धर्मबांधवांनी इकडे यावे म्हणून सांगत. खाल्ल्या मिठाला जागावे की मनाला, हा प्रश्न त्या खंदकात बसलेल्या शेतकऱ्याच्या पोराने कसा सोडविला असेल, याची आज केवळ कल्पना करावी. शरणागतीनंतर हजारो कैदी वाळवंटातून चालविले गेले आणि त्यांतले पुष्कळ परत आले नाहीत. इंग्रजांच्या साम्राज्यासाठी मेलेली ही माणसे. त्यांच्या मरणाचा अभिमान बाळगावा की हळहळ, हे ज्याने त्याने ठरवावे. त्यांची नोंद मात्र असावी.

दुसऱ्या महायुद्धात ही पलटण प्रथम आफ्रिकेत एरिट्रियाच्या डोंगरांत, १९४१ साली केरेनच्या लढाईत होती आणि नंतर इटलीत. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात हिच्या एका कंपनीने शत्रूच्या मोर्चावर हल्ला केला. एका सेक्शनचा प्रमुख होता नाईक यशवंत घाडगे, कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातील पळसगावचा. वय २२. मशीनगनच्या माऱ्यात त्याच्या सेक्शनमधील सर्व जवान ठार किंवा जखमी झाले, तो एकटा उरला. तो तसाच पुढे धावला, हातबाँब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली, एका शत्रूला गोळी घातली आणि मॅगझीन बदलण्यास वेळ नाही असे पाहून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. नंतर आडोशाच्या गोळ्यांनी तो कोसळला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर कोठे आहे ते सापडत नाही. इटलीत कॅसिनो येथील स्मारकावर त्याचे नाव कोरलेले आहे.

महायुद्ध संपल्यावर ही पलटण छत्रीधारी करण्यात आली, म्हणजे विमानातून हवाई छत्रीने उडी घेणारी. हिंदुस्थानात ही विद्या १९४१ मध्येच सुरू झाली होती आणि त्याच वर्षी दिल्लीस ५० वी पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली होती. १९४७ च्या फाळणीत देशाबरोबर सेनेचीही वाटणी झाली. तोफा, ट्रक, बँडची वाद्ये, मेसमधील चांदीची भांडीसुद्धा वाटली गेली. ५० वी ब्रिगेड भारताकडे राहिली आणि तिच्यात ही आपली ३ पॅरा मराठा पलटण होती.

येथे या कथेत तो माणूस येतो, ज्याच्यासाठी हा लेख लिहावा असे वाटले.

मुहंमद उस्मान यांचा जन्म १५ जुलै १९१२ चा, उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याच्या बिबीपूर गावचा. वालिद बनारसला पोलीस खात्यात होते आणि उस्मान यांचे शालेय शिक्षण तेथेच झाले. लहानपणी ते बोलताना अडखळत असत, असे त्यांच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात फार थोड्या हिंदी मुलांना प्रवेश मिळे. तेथे निवड होऊन १९३४ मध्ये ते अधिकारी झाले आणि पुढच्या वर्षी १० व्या बलुच रेजिमेंटमध्ये दाखल झाले. फाळणीच्या वेळी बलुच रेजिमेंट पाकिस्तानच्या वाट्याला गेली. उस्मान मुसलमान, त्यांची रेजिमेंट पाकिस्तानात, सोबतचे अधिकारी तिकडे निघालेले. तिकडे गेल्यास मोठ्या पदाचे आश्वासन वरून मिळाले होते, असेही सांगतात. ते गेले नाहीत. त्यांची बदली डोग्रा रेजिमेंटमध्ये झाली. या निर्णयावर त्यांनी भाषणे केली नाहीत की पत्रके काढली नाहीत. त्या काळी लाखो साध्या माणसांनीही, आमच्या आजोबा-पणजोबांनीही, हाच निर्णय आपापल्या गावात बसून घेतला होता. फरक एवढाच, की त्यांच्या निर्णयाची परीक्षा कोणी तोफेच्या तोंडी घेतली नाही. उस्मान यांच्या निर्णयाची तशी परीक्षा झाली.

१९४७ च्या ऑक्टोबरात काश्मीरवर टोळीवाल्यांचा हल्ला झाला. ५० व्या पॅराशूट ब्रिगेडला जम्मू भागात नौशेरा-झांगर या पट्ट्यात पाठविण्यात आले. ब्रिगेडचे प्रमुख होते ब्रिगेडियर परांजपे, आपल्याकडचेच. ते आजारी पडल्यामुळे डिसेंबर १९४७ मध्ये त्यांच्या जागी उस्मान यांची नेमणूक झाली. म्हणजे एका मराठी ब्राह्मणाच्या हातून एका आझमगढच्या मुसलमानाच्या हाती ब्रिगेड आली आणि तिच्यात लढणारे होते मराठे, पंजाबी, कुमाऊनी, रजपूत. सुरुवात चांगली झाली नाही. २५ डिसेंबर १९४७ रोजी झांगर हातचे गेले. झांगर हे मीरपूर आणि कोटलीकडून येणाऱ्या रस्त्यांचे नाके. ते गेले म्हणजे नौशेऱ्याचा दरवाजा उघडा पडला. उस्मान यांनी शपथ घेतली की झांगर परत घेईपर्यंत पलंगावर निजणार नाही. काश्मीरच्या कडाक्याच्या थंडीत ते जमिनीवर चटई टाकून झोपू लागले.

जानेवारीत जनरल करिअप्पा पाहणीसाठी आले. जाताना ते उस्मान यांना म्हणाले की मला एक भेट हवी, नौशेऱ्याच्या डोक्यावर बसलेले कोट हे ठाणे तेवढे घेऊन द्या. १ फेब्रुवारी १९४८ रोजी कोट घेतले गेले आणि त्या हल्ल्यात आपली ३ पॅरा मराठा पलटण आघाडीवर होती. कोट घेतले हे किती बरे झाले ते पाचच दिवसांनी कळले. ६ फेब्रुवारीच्या पहाटे हजारो हल्लेखोर चारी बाजूंनी नौशेऱ्यावर चालून आले. त्या दिवशी टैनधारच्या मोर्चावर १ राजपूतचा नाईक जदुनाथसिंग एकाकी लढत पडला आणि त्याला परमवीर चक्र मिळाले. नौशेरा टिकले. त्या दिवसापासून लोक उस्मान यांना 'नौशेऱ्याचा शेर' म्हणू लागले. पलीकडे त्यांच्या शिरावर पन्नास हजारांचे बक्षीस लावले गेल्याचे सांगतात.

नौशेऱ्यातली एक गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. युद्धात आईबाप गमावलेली अनेक मुले त्या गावात भटकत होती. उस्मान यांनी त्यांना गोळा केले, त्यांच्या खाण्यापिण्याची आणि शिकण्याची सोय लावली आणि त्यांची 'बालसेना' बनविली. चकमकींच्या वेळी ही मुले मोर्चामोर्चांवर निरोप पोचवीत. त्यांतील काहींचा पुढे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते सत्कार झाला. उस्मान यांनी लग्न केले नव्हते. पगारातला मोठा हिस्सा ते गरीब मुलांच्या शिक्षणावर खर्च करीत. मुलांना लढाईच्या कामात घ्यावे का, हा आजच्या नजरेने विचारण्यासारखा प्रश्न आहे आणि माझे उत्तर 'नाही' असेच राहील. परंतु अनाथ मुलांना प्रथम भाकरी आणि पाटी देणारा ब्रिगेडियर लढाईच्या धुमाळीत क्वचितच आढळतो.

१८ मार्च १९४८ रोजी झांगर परत घेण्यात आले. शपथ पुरी झाली. मुख्यालयात पलंग नव्हता, म्हणून गावातून एक मागून आणला आणि त्या रात्री ब्रिगेडियर पलंगावर झोपले, अशी आठवण सांगितली जाते. झांगरवर तोफांचा मारा पुढेही चालूच राहिला. ३ जुलै १९४८ च्या संध्याकाळी एक गोळा त्यांच्याजवळ येऊन फुटला आणि ते जागीच ठार झाले. छत्तिसावे वर्ष पूर्ण होण्यास १२ दिवस उरले होते. त्या युद्धात कामी आलेल्या भारतीय अधिकाऱ्यांत त्यांच्याइतका वरिष्ठ दुसरा नव्हता. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र देण्यात आले. दिल्लीत त्यांच्या जनाज्याला पंडित नेहरू आणि मौलाना आझाद हजर होते. दफन झाले ते जामिया मिल्लिया इस्लामियाच्या परिसरात. एका सेनानीची कबर एका शिक्षणसंस्थेच्या अंगणात, हा योग किती जणांच्या लक्षात येतो कोण जाणे. २०२० च्या डिसेंबरात त्या कबरीची मोडतोड झाल्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली तेव्हा पुष्कळांना प्रथमच कळले की तेथे कोण आहे. नंतर तिची डागडुजी झाली.

पलटणीच्या कथेकडे वळू या. १९५२ मध्ये स्वतंत्र पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली आणि ३ पॅरा मराठा ही '२ पॅरा (मराठा)' बनली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त करण्यास गेलेल्या ५० व्या ब्रिगेडमध्ये ती होती आणि उसगावमार्गे फोंड्यावर चालून गेली. गोव्याची मोहीम दोन दिवसांत आटोपली, तेव्हा त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

भारतात खरे 'कमांडो' सुरू झाले ते १९६५ च्या युद्धानंतर. त्या युद्धात मेजर मेघसिंग यांनी स्वयंसेवकांची एक छोटी तुकडी उभारून शत्रूच्या पिछाडीला जाऊन छापे घातले. तिला 'मेघदूत' म्हणत. त्या अनुभवावरून १९६६ मध्ये ९ पॅरा कमांडो आणि १९६७ मध्ये १० पॅरा कमांडो या पलटणी झाल्या. डिसेंबर १९७१ मध्ये १० पॅराने जयपूरचे महाराज, लेफ्टनंट कर्नल भवानीसिंग यांच्या नेतृत्वाखाली जीपगाड्यांतून वाळवंट ओलांडून सिंधमधील छाछरोवर छापा घातला. आपली २ पॅरा त्या वेळी कमांडो नव्हती, साधी छत्रीधारी पलटण होती. परंतु १९७१ मध्ये तिने जे केले ते कोणत्याही कमांडो पलटणीला भूषण वाटावे असे होते.

पूर्व बंगालात उत्तरेकडून मैमनसिंग आणि जमालपूर सोडून पाकिस्तानची ९३ वी ब्रिगेड ढाक्याकडे मागे येत होती. ती ढाक्यात पोचली असती तर शहराचे रक्षण बळकट झाले असते आणि लढाई गल्लोगल्ली झाली असती. तिची वाट टांगाइलजवळ लोहाजंग नदीवरच्या पुंगली पुलावरून जात होती. तो पूल अडवावयाचा. ११ डिसेंबर १९७१ रोजी दुपारी कलकत्त्याच्या दमदम आणि खडगपूरजवळच्या कलाईकुंडा विमानतळांवरून विमाने उडाली आणि साडेचारच्या सुमारास टांगाइलच्या भाताच्या खाचरांवर सातशेहून अधिक जवान छत्र्यांनी उतरले. नेतृत्व लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांचे. छत्र्या विखुरल्या, तोफा आणि सामानाचे गठ्ठे तळ्यांत, शेतांत पडले. तेव्हा आजूबाजूच्या खेड्यांतले लोक धावत आले. टोप्या घातलेले म्हातारे, लुंग्या नेसलेली पोरे, सारे मुसलमान शेतकरी. त्यांनी दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पुलापर्यंत पोचविल्या. त्या भागात कादर सिद्दिकी यांचे मुक्तियोद्धेही होते आणि उतरण्याच्या जागेची तयारी करण्यासाठी एक भारतीय अधिकारी आधीच त्यांच्यात जाऊन राहिला होता. संध्याकाळी पूल ताब्यात आला. रात्रभर माघार घेणाऱ्या तुकड्या पुलावर येऊन आदळत राहिल्या, पण पूल सुटला नाही.

त्या वेळी एक गंमत झाली. परदेशी वर्तमानपत्रांत आणि रेडिओवर बातमी आली की पाच हजार भारतीय छत्रीधारी उतरले आहेत. सरावाच्या वेळचे एक जुने छायाचित्र प्रसिद्धी विभागाकडून बाहेर पडले होते आणि त्यात आकाश छत्र्यांनी भरून गेलेले दिसत होते. सातशेंचे पाच हजार झाले. ढाक्यातल्या मुख्यालयाचे धैर्य खचविण्यात या बातमीचाही वाटा होता, असे मानले जाते. लढाईत खोटी बातमीसुद्धा शस्त्र ठरते. सध्याच्या मोबाइलच्या दिवसांत हे आपण निराळ्या अर्थाने रोज अनुभवतो.

जमालपूरकडून खाली येणारी १ मराठा लाइट इन्फन्ट्री येऊन २ पॅराला मिळाली तेव्हा एकाच घराण्यातल्या दोन पलटणी, एक जमिनीवरून आलेली आणि एक आभाळातून उतरलेली, बंगालच्या पुलावर भेटल्या. तेथून २ पॅरा ढाक्याच्या रस्त्याने आघाडीला राहिली. १६ डिसेंबरच्या सकाळी शहराच्या वेशीवरील मीरपूर पुलापाशी ती पोचली होती. जनरल नागरा यांनी जनरल नियाझी यांना लिहिलेली शरणागतीची चिठ्ठी घेऊन पांढऱ्या निशाणाच्या जीपमधून जे भारतीय अधिकारी पलीकडे गेले त्यांत याच पलटणीचे कॅप्टन निर्भय शर्मा होते. पुढे लेफ्टनंट जनरल होऊन ते मिझोरामचे राज्यपाल झाले. ढाक्यात प्रथम पाऊल टाकण्याचा मान २ पॅराला मिळाला आणि पन्नू यांना महावीर चक्र. त्या संध्याकाळी ९३,००० लोकांनी शस्त्रे खाली ठेवली.

एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर २ पॅरा ही खास दलात, म्हणजे स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतरित झाली. तत्पूर्वी १९९६ मध्ये आणखी एक मराठा पलटण या वाटेने गेली होती. १९८५ मध्ये उभारलेली २१ वी मराठा लाइट इन्फन्ट्री '२१ पॅरा (स्पेशल फोर्सेस)' झाली. वाघनख हे तिचे चिन्ह. ही पलटण ईशान्येकडील जंगलांतील कामासाठी प्रसिद्ध आहे. याच पलटणीतून पुढे आले साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक. सामान्य घरातला मुलगा, सातारच्या सैनिक शाळेचा विद्यार्थी. ही शाळा १९६१ मध्ये निघाली, देशातील पहिली सैनिक शाळा. काश्मीरमध्ये ४१ राष्ट्रीय रायफल्सचे नेतृत्व करीत असता १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात अतिरेक्यांशी लढताना ते शहीद झाले. आघाडीला जाण्याची कर्नलला गरज नव्हती, तरी ते आघाडीला होते. कुपवाड्यातील तरुणांना शिक्षण आणि रोजगाराकडे वळविण्याच्या कामी त्यांनी बराच वेळ दिला होता, म्हणून त्यांच्या जाण्याने तेथील मुसलमान कुटुंबेही हळहळली. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी दोन लहान मुलांची आई असताना खडतर प्रशिक्षण घेतले आणि २०१७ मध्ये त्या स्वतः सेनेत अधिकारी झाल्या.

या पलटणींत माणूस घेतला कसा जातो, हे पालक पुष्कळदा विचारतात. येथे सक्तीने किंवा वशिल्याने कोणी जात नाही. सेनेत आलेल्यांनी स्वखुशीने अर्ज करावयाचा. मग काही महिन्यांची चाचणी. पाठीवर ओझे घेऊन रात्रंदिवस चालणे, झोप नाही, पोटभर अन्न नाही आणि त्या अवस्थेत नकाशा वाचणे, गणित करणे, बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवून सांगणे. नुसत्या ताकदवान गड्यांपैकी बहुतेक येथे गळतात. शरीर थकल्यावर डोके चालते की नाही हे पाहिले जाते. जे उरतात त्यांना आग्र्यास हवाई छत्रीच्या उड्या शिकवितात आणि शेवटी तांबूस टोपी व 'बलिदान' हे बिल्ल्यावरचे चिन्ह मिळते. जुनी जातवार भरती या पलटणींत उरलेली नाही. देशाच्या कोणत्याही भागातला, कोणत्याही धर्माचा जवान तेथे असतो.

जवान म्हणून जावयाचे तर २०२२ पासून भरती अग्निपथ योजनेखाली होते आणि तिची मुदत चार वर्षांची आहे, त्यातील काहींनाच पुढे कायम केले जाते, हे पालकांनी आधी नीट समजून घ्यावे. अधिकारी होण्याचा रस्ता निराळा. बारावीनंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा; २०२२ पासून तेथे मुलींनाही प्रवेश मिळू लागला. त्या परीक्षेची तयारी करून घेणारी राज्य सरकारची संस्था १९७७ पासून औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे आहे आणि दहावीनंतर तेथे निवड होते. आमच्या समाजातील मुलांचे अर्ज अशा ठिकाणी फार थोडे जातात. 'आपल्याला कोण घेणार' हे वाक्य घराघरांत ऐकू येते आणि ते बहुधा अर्ज न भरताच उच्चारलेले असते. घेत नाहीत की आपण जात नाही, याचा निवाडा अर्ज भरल्यावरच होईल. करमाळ्याच्या मुलाला इंग्रजी आणि गणित या दोन विषयांनी अडविले, तर ते काम शाळेचे, शिकवणीचे आणि आपल्या संस्थेचे आहे. त्याचे खापर कोणा निवड मंडळावर फोडता येणार नाही.

दरवर्षी ३ जुलैला जामियाच्या कबरस्तानात सेनेचे अधिकारी येतात, पुष्पचक्र ठेवतात, आणि छत्रीधारी ब्रिगेडचे जवान तांबूस टोप्या घालून मानवंदना देतात. कबरीपासून थोड्याच अंतरावर विद्यार्थ्यांचे वर्ग आहेत.